चाळणीत उरलेले

तयार झालेले खत चाळण्याचे काम मी कोणाला देत नाही. अर्थात कोणी मागतही नाही. गॅलरीतल्या डब्याच्या तळाचे खत घमेल्यात काढून ते जुन्या चाळणीतून हलक्या हाताने फिरवू लागले, की काळसर, भुरभुरीत भुगा खाली पडत राहतो आणि त्याकडे पाहत बसण्यात अर्धी दुपार सहज निघून जाते. वास ओळखीचा असतो, तापलेल्या मातीवर पहिल्या सरी पडल्यावर येतो तो. हा कल्पनेचा भाग नव्हे. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे जे द्रव्य तयार करतात, तेच दोन्ही वेळा नाकापर्यंत पोहोचलेले असते. अशाच एका दुपारी जाळीवर काहीतरी अडकले. नखाएवढे, लंबगोल, कडेला जरासे मुडपलेले. बोटाने पुसले तर त्यावरचे आकडे स्पष्ट वाचता आले: ४०११. केळ्यांवर चिकटवतात ते स्टिकर. केळी कधीच खाऊन झाली होती, साली मातीसारख्या झाल्या होत्या, त्यांच्याबरोबर डब्यात गेलेला पुठ्ठा, चहाचा चोथा, वाळकी पाने यांतले काय कोणते हे आता ओळखू येत नव्हते; पण दुकानातल्या गल्ल्यावर हिशेब लवकर व्हावा म्हणून छापलेला तो आकडा जसाच्या तसा होता, त्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

ते स्टिकर मी लगेच टाकले नाही, कारण ते नेमके कशात टाकावे हे मला ठरवता येईना. दिसते कागदासारखे, पण बहुधा असते प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, वर शाई आणि खाली डिंक. ओल्या कचऱ्यात ते कुजत नाही, हे समोरच दिसत होते. सुक्या कचऱ्यात टाकावे, तर वर्गीकरण केंद्रातल्या जाळ्यांतून असल्या बारक्या वस्तू पहिल्या झटक्यात खाली पडतात आणि थेट टाकाऊ ढिगात जातात. म्हणजे जिथे काहीच होत नाही अशाच जागी ते जायचे. साल, देठ, टरफल, ज्यांना हात लावताना आपण नाक मुरडतो, ती सगळी मार्गी लागली होती. आणि त्या सगळ्या पसाऱ्यातली दिसायला सर्वांत स्वच्छ वस्तू तेवढी अडून बसली होती. ही गोष्ट पुढे बरेच दिवस मनात घोळत राहिली.

आमच्या लहानपणी घरात कचऱ्याचा डबा एकच असे. झाकणाचा, पत्र्याचा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दाराआड ठेवलेला. त्याचे झाकण उघडण्याची पाळी आली की आम्ही भावंडे एकमेकांवर ढकलत असू, कारण आत काय आहे यापेक्षा आतून काय येईल याची धास्ती जास्त. तो आंबूस, जड, घशात उतरणारा वास म्हणजेच कचरा, असे समीकरण तेव्हा जे डोक्यात बसले ते फार उशिरापर्यंत टिकले. घाण म्हणजे अन्नाची घाण. कागद, काच, डबे, पिशव्या ही नुसती अडगळ, तिच्यापासून कोणाला त्रास नाही, असेच वाटत आले. पुढे शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा मागणारी सेवा सुरू झाली, तेव्हाही घराघरांतून कुरकुर झाली ती ओल्या डब्याविषयी. तो साठवायचा कसा, वास येईल, चिलटे होतील, पिशवीशिवाय द्यायचा म्हणजे रोज डबा धुवायचा का? सुक्या डब्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. तो कोरडा, हलका, गुण्यागोविंदाने नांदणारा.

वास्तविक तो वास ओल्या कचऱ्याचा नसतोच, कोंडलेल्या ओल्या कचऱ्याचा असतो. हवा मिळेनाशी झाली की हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते, आम्ले आणि गंधकाचे वायू तयार होतात आणि आपण झाकण आणखी घट्ट लावतो. त्याच भाजीच्या देठांना वाळकी पाने किंवा फाडलेला पुठ्ठा सोबत दिला, मधून मधून ढवळून हवा दिली आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवला, की वास जवळजवळ नाहीसा होतो. याचा हिशेबही गुंतागुंतीचा नाही. सूक्ष्मजीवांना नत्राच्या साधारण २५ ते ३० पट कर्ब हवा असतो. हिरव्या, रसाळ गोष्टींत नत्र अधिक, तपकिरी, कोरड्या गोष्टींत कर्ब अधिक, आणि दोन्हींची थरावर थर अशी रचना केली की पुढचे काम आपले राहत नाही. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरमध्ये काम करताना हीच रचना शास्त्रीय शिस्तीत बसवली आणि १९३१ मध्ये यशवंत वाड यांच्यासह पुस्तकरूपाने मांडली. खतनिर्मितीच्या जगात ती आजही इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ शेतकऱ्यांच्या परंपरागत व्यवहारात होते. म्हणजे ज्ञान जुनेच. शहर म्हणून राहायला लागल्यावर ते हातचे सुटले एवढेच.

शहराच्या पातळीवर हे काम कसे चालते, ते पाहण्याची संधी मला एकदा मिळाली. आमच्या भागातला ओला कचरा जिथे जातो तिथे काही जणांना नेण्यात आले होते. मी मनाची तयारी करून, रुमालाला अत्तर लावून गेले होते आणि तो रुमाल शेवटपर्यंत पर्समध्येच राहिला. पुरुषभर उंचीचे, लांबच लांब ढीग एकाशेजारी एक रचलेले, सकाळच्या गारव्यात त्यांतून वाफ निघत होती. तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी हातभर लांब दांड्याचा तापमापक एका ढिगात खुपसला आणि काटा साठीच्या आसपास जाऊन थांबला. बाहेरून एक काडीही लावलेली नाही. ही सगळी ऊब अन्न खाणाऱ्या जिवाणूंची. ती काही दिवस ५५ अंशांवर टिकली की रोगजंतू आणि तणांचे बी मरते, म्हणून अमेरिकी नियमावलीत अशा उघड्या ढिगांसाठी १५ दिवस तेवढे तापमान आणि त्या मुदतीत किमान पाच वेळा ढीग उलटणे, अशी अट घातलेली आहे. त्यांनी मूठभर खत माझ्या तळहातावर ठेवले तेव्हा ते कोमट होते. आणि हेच सारे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचरा डेपोत, बाकीच्या कचऱ्याखाली, हवेविना पुरले असते तर त्यातून मिथेन निघाला असता, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे. माल तोच, फरक फक्त हवेचा.

"वासाचे काय करता?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणीतरी विचारलाच. गृहस्थ हसले. म्हणाले, वास हा आमचा त्रास नाही, तो हवा दिली की जातो; आमचा त्रास तिकडे आहे. त्यांनी दाखवले तिकडे, मोठ्या फिरत्या चाळणीच्या तोंडाशी, खतातून वेगळा झालेला ढीग होता. त्यात दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे होते, बाटल्यांची झाकणे, रबरबँड, दोरे, काचेचे तुकडे, आणि खूपशी "कुजणारी" म्हणून विकली जाणारी कटलरी, जिचे चमचे अजून चमच्यासारखे होते. अशा वस्तू बहुधा पीएलए नावाच्या, मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतात. मोठ्या, गरम ढिगात साठ अंशांच्या जवळपास पुरेसे दिवस राहिल्या तर त्या मोडतात. घरच्या डब्यात किंवा घाईने उरकलेल्या प्रक्रियेत मोडत नाहीत. वेष्टनावर मात्र हिरवे पान छापलेले असते, त्याखाली तापमानाची अट नसते. ती छापली असती तर किती जणांनी ते चमचे घेतले असते, हा वेगळा प्रश्न. मी त्या ढिगाकडे पाहत उभी राहिले आणि मला ४०११ आठवले.

घाण वाटणारे सोपे निघाले होते.

सुका कचरा जिथे जातो ते केंद्र मी पुढे पाहिले, आणि तिथे मात्र मला खरोखर अस्वस्थ व्हायला झाले. वास नव्हता, आवाज होता. इतका, की सोबतच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. पट्ट्यावरून कचरा धावत येतो. चुंबक लोखंडी डबे उचलतो. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून फिरत्या चुंबकीय क्षेत्राने त्यात क्षणभर प्रवाह निर्माण करून ते पट्ट्यावरून उडवले जाते. डबे बेडकासारखे उड्या मारत पलीकडच्या कप्प्यात पडताना पाहणे मजेचे असते, हे मान्य करायला हवे. प्लास्टिकचे प्रकार अवरक्त प्रकाश टाकून ओळखले जातात आणि हवेच्या झोताने वेगळे होतात. पण काळा ट्रे आला की यंत्र आंधळे होते, कारण त्याला काळा रंग देणारी काजळी तो प्रकाश शोषून घेते आणि परत काहीच येत नाही. म्हणजे खाद्यपदार्थ उठून दिसावेत म्हणून ज्याला काळा केला, तो नेमका त्याच रंगामुळे कोणाला दिसत नाही. पातळ पिशव्या तर चाळणीच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळत जातात. त्या साचल्या की सगळे बंद करायचे आणि कामगारांनी आत उतरून सुऱ्यांनी त्या कापून काढायच्या. मी गेले त्या दिवशी हेच चालले होते. दांड्याभोवती वीतभर जाड वेटोळे झाले होते, रंगीबेरंगी, घट्ट, आणि त्यावर ओणवा झालेला एक तरुण मुलगा ते थराथराने सोलत होता. हातमोजे होते, तरी त्याचे मनगट जिथे उघडे पडत होते तिथे बारीक ओरखडे दिसत होते.

यंत्रे संपली की माणसे सुरू होतात. पट्ट्याच्या शेवटी दोन्ही बाजूंनी बायका उभ्या होत्या आणि यंत्राला न कळलेले त्यांचे हात ओळखत होते. पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये थोडेसे जरी पीव्हीसी मिसळले तरी वितळवताना त्यातून आम्ल सुटते आणि सगळा घाणा पिवळा, ठिसूळ होतो. काचेत चिनी मातीचा तुकडा गेला तर तो काच वितळते त्या उष्णतेला वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडा होऊन बसतो. उष्टा, तेलकट कागद चांगल्या कागदाच्या गठ्ठ्यात गेला की गठ्ठ्याचा भाव पडतो. ओल्या ढिगात एक चुकीची वस्तू गेली तर ती चाळणीवर उरते आणि बाकीचे खत होते. सुक्या ढिगात एक चुकीची वस्तू बाकीच्यांनाही आपल्याबरोबर नेते. हा फरक मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितला नव्हता, आणि मला वाटते तो घरोघरी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर सर्वांत वर असायला हवा.

अर्थात सुक्या डब्यातले सगळेच अवघड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरले तर खनिजापासून नवे काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच कितीही वेळा वितळवा, काचच राहते. कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होत जातात, पण पाचसात फेऱ्या तो सहज करतो आणि शेवटी थकला की ओल्या ढिगात खुशाल कुजतो. अडचण आहे ती प्लास्टिकच्या त्या गोतावळ्याची, ज्याच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एखादा आकडा कोरलेला असतो. ते आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, आणि ते केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतात. वस्तू पुन्हा वापरात येईल असे वचन त्यांत कुठेही नाही. पण फिरत्या बाणांचा त्रिकोण पाहून कोणाचा असा समज होणार नाही? २०१३ मध्ये बाण काढून साधा त्रिकोण करावा असे ठरले, तोवर समज पक्का झाला होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक हिशेबानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक कचऱ्यापैकी साधारण ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला जमिनीवर, जमिनीखाली किंवा पाण्यात आहे. आणि ज्या श्रीमंत देशांना आपण या बाबतीत आदर्श मानतो, त्यांच्या सुक्या कचऱ्याचा मोठा वाटा जहाजांतून चीनला जात होता. २०१८ मध्ये चीनने अनेक प्रकारांवर बंदी घातली, उरलेल्यांत अर्ध्या टक्क्याहून अधिक मिसळण चालणार नाही असे सांगितले, आणि कित्येक शहरांत वर्षानुवर्षे नीट वेगळा केलेला कचरा ठेवायला जागा उरली नाही.

हे वाचल्यापासून माझ्या मनात सुक्या डब्याविषयी एक संशय घर करून आहे. खरे तर संशय डब्याविषयी नाही, तो वापरण्याच्या आपल्या रीतीविषयी आहे. कोणत्या डब्यात घालावे कळले नाही की आपण वस्तू सुक्यात टाकतो, कारण सुक्यात टाकले की ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटते. उरलेल्याच्या डब्यात टाकली तर आपणच ती वाया घालवली असे वाटते. पाहुणे आले असता त्यांतल्या एक बाई चहाची पिशवी बोटांत धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि "हिचे काय करायचे?" असे विचारू लागल्या, तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. आत चोथा, तो ओला. पिशवी कागदी वाटणारी, पण कडा चिकटाव्यात म्हणून पुष्कळदा त्यात प्लास्टिकचे तंतू असतात. दोरा सुती. दोऱ्याच्या टोकाला छापील पुठ्ठा, आणि दोन्ही जोडणारी स्टेपलरची पिन. एक कप चहा, पाच पदार्थ, तीन डबे. बाईंनी ती शेवटी बशीतच ठेवली, आणि मला त्यांचे वागणे सर्वांत समंजसपणाचे वाटले.

कचरा घरातच वेगळा करावा ही काही आजच्या पर्यावरणवाद्यांची टूम नाही. पॅरिसमध्ये यूजीन पूबेल नावाच्या प्रशासकाने १८८३ च्या अखेरीस हुकूम काढला, की प्रत्येक इमारतीने झाकणाची तीन भांडी ठेवावीत: एक कुजणाऱ्या वस्तूंसाठी, एक कागद आणि चिंध्यांसाठी, आणि एक काच, फुटकी भांडी आणि शिंपल्यांसाठी. घरमालकांनी खर्चाच्या नावाने बोटे मोडली, चिंध्या वेचणाऱ्यांनी पोटावर पाय येतो म्हणून आवाज उठवला. भांडी रुजली, पण वर्गीकरण मागे पडले. मला या हकिगतीत विशेष वाटते ते तिसऱ्या भांड्याचे. त्या काळी उरलेले म्हणून जे होते ते काच आणि शिंपले! त्या माणसाने तीनच भांडी सांगितली, कारण घरातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्यांतल्या एका भांड्यात जागा होती. आज वर्गीकरण अवघड झाले आहे ते लोक आळशी झाले म्हणून नव्हे; पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पापुद्रा एकमेकांवर चिकटवून केलेले पेयाचे खोके कोणत्या भांड्यात घालावे, याचे उत्तर पूबेलकडेही नसते.

दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा जमिनीत पुरण्यास बंदी केली आणि २०१३ पासून तो जेवढा टाकाल तेवढे पैसे भरा अशी व्यवस्था आणली. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये तो वेगळा देणे सक्तीचे केले. ओल्या कचऱ्याच्या बाबतीत असे नियम चालतात, कारण नियम पाळणाऱ्याला तो पाळता येतो. देठ हे देठच असते. सुक्याच्या बाबतीत मात्र निर्णय आपल्या हाती येण्याच्या आधीच कोणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, घेऊन टाकलेला असतो. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनाची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर टाकणारा कायदा केला, तो याच जाणिवेतून, आणि तेव्हापासून अनेक देशांत तसे कायदे आले आहेत. कायदा आणि काळा ट्रे यांच्यात अजून बरेच अंतर आहे, एवढेच.

मध्यंतरी आमच्या सेवेकडून नवे पत्रक आले. पूर्वीच्या पत्रकात सुक्या डब्यात चालणाऱ्या वस्तूंची यादी लांबलचक होती. आता ती निम्म्यावर आणली होती. काळे ट्रे नकोत, चकचकीत पाकिटे नकोत, पातळ पिशव्या नकोत, चिकट पट्ट्या आणि स्टिकर नकोत, त्या उरलेल्याच्या डब्यात द्याव्यात. इमारतीत नाराजी उसळली; सेवा कमी झाली आणि शुल्क तेच, असे जिन्यात ऐकू येऊ लागले. मला मात्र ते पत्रक आवडले. जे होत नाही ते होत नाही असे लेखी सांगणारी सेवा, सगळे हसत घेऊन जाणाऱ्या आणि पुढे काय करते ते न सांगणाऱ्या सेवेपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते.

शेजारच्या काकू पत्रक आणि एक धुतलेला काळा ट्रे घेऊन माझ्याकडे आल्या. त्या सगळे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून देणाऱ्या आहेत, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा होता. "अगं, घेता येत नाही म्हणतात, मग बनवतात कशाला?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "काकू, हे त्यांना नाही, बनवणाऱ्यांना विचारायला हवे." त्यांनी थोडा विचार केला, आणि म्हणाल्या, "मग विचारू की. कागद आण." पत्ता शोधण्यासाठी आम्ही ट्रे उलटा केला. तळाशी बाणांचा त्रिकोण चांगला ठसठशीत होता. कंपनीचे नाव वाचायला मात्र काकूंना भिंग लागले.